लिफ्टची साक्ष

शिकागो, गुरुवार

प्रिय आई,

प्रभूच्या दयेने मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? भेंडीला फुलं आली का?

रविवारी मंडळीपुढे उभं राहून मी साक्ष दिली, की प्रभूने माझी लिफ्टची भीती काढून टाकली. सगळे ‘हालेलुया’ म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं गं. फोनवर ऐकून तूही तिकडे देवळात कौतुकाने सांगितलंस.

सोमवारी कामावर लिफ्टचं दार उघडलं आणि माझं पाऊलच उचलेना. गुपचूप जिन्याकडे वळले, तर मागे आमच्याच देवळातल्या, इथेच कामाला असलेल्या सिस्टर ओझेला!

“काय गं, कालची साक्ष घरी विसरलीस?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“प्रभू सोबत येतो म्हणाला,” त्या म्हणाल्या, “उचलून आत ठेवतो असं नाही म्हणाला. चल.”

वर पोचेपर्यंत मी डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत होते. उतरल्यावर पाहिलं, त्यांच्या मनगटावर माझी नखं उमटली होती. तेव्हापासून रोज स्तोत्र म्हणत एकटी जाते.

रविवारी पुन्हा उभी राहून खरं सांगणार आहे. लाज वाटते, पण सांगणार. तूही तिकडे सांग: लेक लिफ्टने जाते, पण थरथरत.

तुझीच,
अर्नेस्टीन