दीड सूत

५ फेब्रुवारी १९७५, उंब्रज

२६ जानेवारीच्या नोंदीत लिहिलंय की नाना माझ्याकडून करवून घेताहेत त्या लहानशा जहाजाच्या फळ्या मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे एक सूत जाडीच्या घेतल्या. ते खरं नाही. दीड सूत घेतल्या. रंधून एक सुतावर आणताना दोन चिरल्या, सागवान संपत आलेलं, घाबरले. नाना माझे वडील, त्यांनाही एकच सांगितलं. इंचाचे आठ सूत, हे शाळेच्या आधी त्यांनीच घरात शिकवलेलं. तेव्हा चुकून झालं म्हणायची सोय नाही.

आज विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडात, जहाज सोडलं. नानांनी आखलेल्या रेघेच्या वर पाणी. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं, परत चाचपलं.

९ फेब्रु., रविवार

तात्याकाका बघायला आले. फौजेतली पेन्शन, तोंड तसंच. "नाना, तुजं जहाज पानी प्याया वाकलंय रं." नाना हसले नाहीत. "हात गेला माजा, तात्या. गोदीत तीस वर्सं काढली, तवा कवा रेघ चुकली न्हाई."

मी चहा गाळत होते. बोलायला हवं होतं. चहा गाळला.

११ फेब्रु.

खऱ्या जहाजाची गोष्ट परत. विलायतेतलं, राणीच्या काळातलं. शिडं होती, वाफेचं इंजिनही, डेकवर तोफांचे फिरते बुरूज. कागदावर डेक पाण्यापासून आठ फूट वर. बांधताना जड होत गेलं, पाण्यात साडेसहाच राहिलं. वादळात उलटलं. ज्याच्या डोक्यातून निघालं तो आतच होता.

"आवं नाना, जड केलं कुनी?"

"एकानं न्हाई. परत्येकाला वाटलं, एवढ्यानं काय हुतंय."

माझ्याकडे बघत होते. मोतीबिंदूतून किती दिसतं कोण जाणे.

१२ फेब्रु.

घंगाळात तांब्या तरंगतो, नजर त्याच्या काठावर. नदीवर कळशी बुडवली, पाणी गळ्याशी आलं, हात थांबला. आत माणसं आहेत असं वाटलं. कळशी अर्धीच आणली. आई म्हणाली, "पानी आटलं काय गं नदीचं?"

१३ फेब्रु.

इस्लामपूरच्या सुताराला निरोप गेला. रविवारी येऊन सगळी हत्यारं घेऊन जाणार. नाना ओट्यावर बसून एकेका रंध्याला तेल लावत होते. मी जवळ गेले.

"तुला द्यायची हुती. पर चुकल्या हाताची हत्यारं लेकीला देऊ न्हाईत."

चुकला हात कुणाचा. ओठापर्यंत आलं, आणि

१४ फेब्रु.

नुसतं सांगितलं तर समजूत घालते म्हणतील. आजारपणात जेवले नाहीत तरी "आज बरं जेवलात" म्हणायचे मी, ते त्यांना ठाऊक आहे. माझा शब्द चालणार नाही. फळी हातात द्यायला हवी. डोळे गेले तरी अंगठ्याला सूत कळतं, दीडही कळेल. मग मला कधी हत्यार देतील का, माहीत नाही. तो विचार आत्ता नको.

डेकची मधली फळी सैल आहे, पण पटाशीशिवाय निघणार नाही. पटाशी त्यांच्या पेटीत. म्हणजे त्यांच्याकडेच मागावी लागणार, आणि कशाला हवी ते सांगावं लागणार.

इस्लामपूरची एस.टी. अकराला येते. त्याआधी, नाना आंघोळ करून ओट्यावर बसले की पटाशी मागायची. रविवार, १६ फेब्रुवारी.