कागदाची मागची बाजू

अण्णा, गेल्या चार महिन्यांपासून मी पुन्हा शाईच्या पेनानं लिहायला लागले आहे. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, छान छंद आहे. छंद नाही हे ज्यांना न सांगता कळलं असतं ते तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली.

सुरुवात झाली ती अंगठा दुखण्यापासून. लातूरच्या क्लासमध्ये मी वनस्पतिशास्त्र शिकवते हे तुम्ही पाहून गेलात. तेव्हा एका खोलीत चाळीस मुलं बसायची. आता तीन मजले आहेत आणि मागच्या बाकांवरची मुलं मला पडद्यावर बघतात. मुलं फारसं लिहीत नाहीत, उत्तरपत्रिकेतले गोल काळे करतात. लिहिते ती मीच, शंका सोडवताना, टिपणं काढताना, इतकी वर्षं बॉलपेन दाबून दाबून. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, दाबून लिहिणं बंद करा, नाहीतर लिहिणंच बंद होईल." न दाबता कसं लिहायचं, असं मी विचारणार होते आणि तेवढ्यात मला तुमचा हात आठवला. तुमच्या तीन बोटांत पेन नुसता टेकलेला असायचा. भावानं नांदेडचं घर रंगवायला काढलं तेव्हा तुमची पत्र्याची पेटी माझ्याकडे पाठवून दिली होती, ती वर्षभर कपाटात तशीच पडून होती. उघडली तर आत दोन काळे पेन, एक ड्रॉपर आणि लेजरच्या जाड कागदाचा अर्धा गठ्ठा. निबेत शाई दगडासारखी बसलेली. कोमट पाण्याच्या वाटीत ठेवली. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही, दुसऱ्या दिवशी पाण्यात एक निळा धागा सुटला. तुम्ही स्वतःच्या हातानं शेवटची भरलेली शाई होती ती. ते पाणी मला लवकर ओतून टाकवलं नाही.

नवीन शाई लातुरात मिळेना. क्लासच्या गल्लीत स्टेशनरीची ओळीनं दुकानं आहेत, पण जिथं जावं तिथं एकच प्रश्न, "प्रिंटरची का शिक्क्याची?" नांदेडला गेले होते तेव्हा वजिराबादमधल्या एका जुन्या दुकानात विचारलं. म्हातारे दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाले, "पेनाची? हाय की. पर कोन वापरून राहिलं आता?" मी म्हटलं, मी. त्यांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची दौत काढली, हलवून उजेडात धरली आणि म्हणाले, "घट्ट झाली न्हाई. न्या." निळी-काळी, तुम्ही वापरायचात तीच.

पहिल्या दिवशी काय लिहावं सुचेना म्हणून किराण्याची यादी लिहिली. तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, काडेपेटी. निबेचा कागदावर होणारा तो बारीक आवाज मी पार विसरले होते. ओलं अक्षर क्षणभर चमकतं, मग कागद त्याला आत घेतो. ते बघण्याच्या नादात मी गूळ दोनदा लिहिला आणि घरी दोन किलो गूळ आला. बॉलपेननं लिहिताना मी नेहमी शब्दाच्या पुढं पळत असायची, इथं हाताला पळताच येत नाही. सकाळी लिहिलेलं निळं असतं आणि दुसऱ्या दिवशी काळपट होतं. "शाई हवा खाती, मग पक्की होती," असं तुम्ही सांगायचात, ते मी लहानपणी खरं मानलं होतं आणि मोठेपणी हसण्यावारी नेलं होतं. आता रोज चहानंतर एक पान लिहिते. काहीही लिहिते, दारातल्या जास्वंदीला कीड कशी लागली तेसुद्धा. निब डोक्याच्या केसांना पुसते, तुमच्यासारखीच. क्लासमधल्या मुली माझी निळी बोटं बघून एकमेकींना ढोसतात आणि मला त्याचं बरं वाटतं.

लिहायला बसलं की भोकर आठवतं. तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली तुमचं टेबल, त्याला टेकवलेली 'अर्जनवीस' अशी पाटी. मी पाचवीत आहे. सुट्टी म्हणून तुमच्या शेजारी बसून एका अर्जाची दुसरी प्रत उतरवते आहे. ज्या बाईचा अर्ज आहे ती समोर उकिडवी बसली आहे, नवरा वारलाय, जमिनीवर नाव लावून हवंय. मजकुरात तिचं नाव चौथ्यांदा आलं तेव्हा मी कंटाळून नुसतं 'सदर बाई' लिहिलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. कागद माझ्यापुढून काढून घेतलात आणि म्हणालात, "पूर्ण नाव लिही. ती एवढ्या लांबून चालत आलीय नाव सांगायला, तुला लिहायला जड जाऊन राहिलं का?" मी नव्या कागदावर सगळं पुन्हा लिहिलं. तुम्ही ते तिला वाचून दाखवलंत. तिचं नाव आलं की दर वेळी ती मान हलवत होती, जणू कोणी हाक मारत होतं.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि तुम्ही मला लातूरला आणून सोडलंत. तेव्हा लातूरचं नाव नुकतंच गाजायला लागलं होतं. तिथं ठेवलं की पोरगी डॉक्टर होते असं भोकरला सगळे म्हणायचे. खोलीत आम्ही दोघी, आणि टेबल एकच. दुसरी मुलगी किल्लारीकडच्या एका खेड्यातली. झोपेत सूत्रं पुटपुटायची. घरून आलेल्या चटणीतली अर्धी न विचारता माझ्या डब्यात घालायची. तुमचं पत्र दर सोमवारी यायचं, याच लेजरच्या कागदावर. पुढची बाजू भरून मागं अर्ध्यापर्यंत मजकूर असायचा. कचेरीत कोण आलं होतं, आईच्या गुडघ्याचं काय, धर्माबादच्या बाजारातून आणलेल्या मिरच्या किती तिखट निघाल्या. मी ते उभ्या उभ्या वाचायची आणि मागच्या अर्ध्या कोऱ्या जागेत गणितं सोडवायची. पोळ्याच्या सुमाराला तुम्ही न कळवता आलात. मी चहा करत होते, तुम्ही टेबलाशी बसलात आणि रफ कागदांचा गठ्ठा सहज चाळायला घेतलात. मी वळून बघितलं तेव्हा तुमच्या हातात तुमचंच पत्र होतं, अर्धं तुमच्या अक्षरात आणि अर्धं माझ्या आकडेमोडीनं भरलेलं.

"कामाला आला म्हणायचा कागद," तुम्ही म्हणालात.

मला लाज वाटली नाही, याचं आज लिहितानाही नवल वाटतं. मी म्हटलं, "जाड आहे ना अण्णा, बॉलपेननं फाटत नाही." तुम्ही हसलात आणि चहा घेतलात. पुढच्या सोमवारचं पत्र एकाच बाजूला होतं. खाली लिहिलं होतं, 'ही शाई मागं फुटून राहिली, म्हणून इथून पुढं एकाच बाजूनं लिहीन.' मला पुरं पान मोकळं मिळालं.

मग गणपती विसर्जनाला माझी ही खोलीतली मैत्रीण गावी गेली आणि उजाडायच्या आत भूकंप झाला. आमच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला, तेवढंच. तिचं गाव उरलं नाही. ती गेली, तिचे वडील गेले, धाकटा भाऊ गेला. आई तेवढी वाचली. तुम्ही दुसऱ्या दिवशी एस्ट्या बदलत लातूरला आलात, दारातच माझे खांदे, दंड चाचपून बघितलेत आणि म्हणालात, "चल घरी."

"परवा क्लास सुरू होतील, अण्णा."

तुम्ही तिच्या खाटेकडं बघितलं. तिच्या वह्या उशाशी तशाच होत्या. मग म्हणालात, "बरं. तू अभ्यास कर. मी जरा तिकडं जाऊन येतो." जरा म्हणून गेलात ते दोन महिने राहिलात. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून दिलेत, मेलेल्यांच्या नोंदीचे, घराचे, हरवलेल्या कागदांचे. मधूनमधून लातूरला यायचात, कपडे धुवायचात, दौत भरून न्यायचात. मी एकदा विचारलं, एवढी रांग असते तर बॉलपेननं भराभर का लिहीत नाही. तुम्ही म्हणालात, "भराभर लिहिलं की माणूस उठतो, बाई. पेन हळू चालतो तवर तो बोलतो. अर्जात बसत न्हाई ते लई असतंय त्याच्याकडं." मला तेव्हा वाटलं, तुम्ही उगीच वेळ घालवता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. थोड्या मार्कांनी माझं मेडिकल हुकलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "शिकव मग, तुला सांगता येतं." खोली सोडताना मी सगळे कागद रद्दीत घातले. दोन वर्षांचे सोमवार होते त्यात. एक पत्र वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात राहून गेलं, तेवढं माझ्याजवळ आहे. गेल्या महिन्यात त्याच गठ्ठ्यातल्या कोऱ्या कागदावर, त्याच शाईनं, तुमच्या पेनानं पान लिहिलं आणि वाळल्यावर सहज उलटून बघितलं. मागं काही नव्हतं. एक ठिपकासुद्धा फुटला नव्हता. मग ते जपलेलं पत्र काढून उजेडात धरलं. तुमची शाई माझ्या बाजूला कुठंच आलेली नाही, माझ्या बॉलपेनचे वळ मात्र तुमच्या ओळींवर सगळीकडं उमटले आहेत. 'तुझी आई रोज तुझं नाव काढते' या वाक्यावरून माझा एक भागाकार गेला आहे. शाई फुटते असं तुम्ही लिहिलंत, ते मला जागा व्हावी म्हणून. त्या मागच्या बाजूंवर तुम्ही काय लिहिलं असतं, ते मी आता कोणाला विचारू?

एक गोष्ट उरली आहे, ती तुमच्याशी मी कधी बोलले नाही. त्या दिवाळीच्या आधी तुम्ही शेडमधून चिठ्ठी पाठवली होती. माझ्या मैत्रिणीची आई तुमच्याकडं अर्ज लिहायला आली होती. तुम्ही तिच्या लेकीबरोबर खोलीत राहणाऱ्या पोरीचे वडील आहात हे कळल्यावर ती अर्जाचं सोडून लेकीबद्दलच विचारत बसली. ती तिथं काय खायची, हसायची का, निघताना काय म्हणाली. 'मला काय माहीत असणार? तू सुट्टीत एक दिवस ये. नुसती बसून बोल तिच्याशी,' असं तुम्ही लिहिलं होतंत. मी कळवलं की जादा तास आहेत. जादा तास नव्हते, अण्णा. क्लास आठवडाभर बंद होता, मी खोलीत एकटी होते आणि दोन वेळा भात शिजवून खाल्ला. विसर्जनाला जाऊ की नको असं तिनं मला दोनदा विचारलं होतं, शनिवारी परीक्षा होती म्हणून. मीच म्हटलं होतं, जा गं, मी नोट्स उतरवून ठेवते. दोन दिवस टेबल माझ्या एकटीला मिळेल, एवढंच माझ्या मनात होतं. हे तिच्या आईसमोर बसून कसं सांगायचं? तुम्ही उलट चिठ्ठी पाठवलीत, 'बरं, अभ्यास कर.' तुम्हाला ओळखता आलं होतं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तुम्ही त्या बाईंना काय सांगितलंत तेही मी विचारलं नाही, आणि पुढं तुम्ही गेलात.

यंदा माझ्या वर्गात त्याच गावची, म्हणजे नव्यानं वसवलेल्या गावची, एक मुलगी आहे. मी त्या मावशींचं पूर्ण नाव सांगून विचारलं. "हाव मॅडम, हायेत की आज्जी," ती म्हणाली, "आमच्याच गल्लीत राहतात. कानानं कमी ऐकू येतंय, पर वाचतात चांगलं." दिवाळीला ती घरी जाणार आहे, कागद द्या म्हणाली, नेऊन देते. आज सकाळी पेन धुऊन, शाई भरून, मी त्यांच्यासाठीच लिहायला बसले होते. 'मावशी' एवढा शब्द लिहिला. तासभर झाला तरी पुढचं वाक्य येईना, तेव्हा तो कागद बाजूला सारून मी तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, अण्णा, तुम्ही उलट काही विचारणार नाही.