डाव्या कानातील टकटक

३ मार्च, सोमवार

हेडफोन आणला. इंटरनेटवर एकशे बारा श्रोत्यांची मते वाचून आणला, म्हणून संताप अधिक!

ध्वनिग्रंथालयातील तंत्रज्ञ बाईंनी परवा पेनड्राइव्ह हातात ठेवला. त्यात माझ्या पत्नीने वाचलेल्या शेवटच्या पुस्तकाची दहा प्रकरणे आहेत. अंध वाचकांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे हे काम ती अकरा वर्षे करीत होती. घरीच, मागच्या खोलीत, सकाळी नऊ ते अकरा. आज तिला जाऊन सात महिने झाले.

बाई म्हणाल्या, ध्वनिमुद्रणात मागे कसलासा आवाज आहे, समितीचे म्हणणे पुस्तक दुसऱ्या कोणाकडून पुन्हा वाचून घ्यावे. बैठक एकवीस तारखेला आहे. मी त्यांना स्पष्ट सांगितले की दोष त्यांच्या जुनाट उपकरणात असणार. ती वाचीत असताना घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता मी स्वतः राखीत असे. दारसुद्धा रोज मीच लावून घेत असे.

तर नवा हेडफोन कानाला लावला. तिचा आवाज आला. पहिली पाच मिनिटे काहीच लिहिण्याजोगे नाही.

नंतर डाव्या बाजूला — टक. थोड्या वेळाने — टक, टक.

एकशे बारा जणांपैकी एकालाही हे ऐकू आले नसावे काय?

५ मार्च, बुधवार

आज सगळी मते पुन्हा वाचली, या वेळी पेन्सिल घेऊन. ‘पैसा वसूल’ असे एकोणतीस जण म्हणतात. एकाची छाती खर्जातील दणक्याने हादरते आणि त्याला ते आवडते. एकाचे कान दुखतात ‘पण गाणी मस्त’. एका गृहस्थांनी पाच तारे दिले आहेत, कारण हेडफोन आणून देणारा माणूस सभ्य होता! हेडफोन त्यांनी अद्याप उघडलेला नाही.

मनुष्याचा आवाज कसा ऐकू येतो, हे कोणीही लिहिलेले नाही.

दुकानदाराकडे गेलो. त्याने एक गाणे लावून दिले आणि म्हणाला, कुठे आहे टकटक? मी म्हणालो, या गोंगाटात तोफ डागली तरी कळणार नाही. त्याने हात जोडले आणि हेडफोन बदलून दिला. दुसऱ्या कंपनीचा. ‘स्वस्तात मस्त’ असे मत याला बहुसंख्य श्रोत्यांनी दिले आहे.

६ मार्च, गुरुवार

टक. टक, टक. डावीकडेच.

८ मार्च, शनिवार

मुलीचा फोन. हेडफोनचे ऐकून आधी हसली.

“बाबा, एकदा दुसरं काहीतरी लावून ऐका ना. दुसऱ्या कोणाचं तरी वाचन. तिथे टकटक नसली म्हणजे कळेलच की.”

मला दुसऱ्या कोणाचे वाचन ऐकायचे नाही, असे मी सांगितले. तिने जेवलात का विचारले. मी हो म्हणालो. खोटे नव्हते, फक्त फार थोडे होते.

तिचे म्हणणे तर्कशुद्ध आहे, हे मला समजते. परंतु सात महिन्यांत या घरात तिच्या आईखेरीज कोणाचा आवाज मी मुद्दाम लावून ऐकलेला नाही, आणि हेडफोनची परीक्षा घेण्यासाठी तो नेम मोडणार नाही.

११ मार्च, मंगळवार

तिसरा हेडफोन. तीच टकटक! आता मात्र मी स्वतःच मत नोंदवले, तिन्ही हेडफोनांखाली तेच:

‘या उपकरणाच्या डाव्या बाजूस अनियमित टकटक ऐकू येते. कधी एकदा, कधी लागोपाठ दोनदा. निवेदनात्मक वाचन ऐकणाऱ्यांनी खरेदी करू नये. वरील बहुतेक मते निष्काळजीपणे लिहिलेली असून त्यांवर विसंबणे धोक्याचे आहे.’

तासाभरात एका अनोळखी श्रोत्याचे उत्तर — ‘काका, तीन-तीन हेडफोनांत एकच टकटक? रेकॉर्डिंग बदला.’ खाली हसरा चेहरा. चाळीस जणांना ते उत्तर उपयुक्त वाटले. माझे मत उपयुक्त वाटणारा एकच आहे, आणि चुकून कळ दाबली गेल्याने तो मीच आहे.

अकरा वर्षांच्या तिच्या कामाला हे लोक ‘रेकॉर्डिंग बदला’ म्हणतात!

१२ मार्च, बुधवार

काही लिहिण्यासारखे नाही. चौथे प्रकरण दोनदा ऐकले.

१४ मार्च, शुक्रवार

लिहावे की लिहू नये? लिहितो. येथे खोटे लिहून उपयोग काय!

सकाळी कंपनीला तक्रारीचे पत्र लिहायला बसलो. पत्र झाल्यावर सवयीने तपासू लागलो. हेडफोन काढून बाजूला ठेवला होता. यंत्रही बंद होते.

टक.

हेडफोनकडे पाहिले. पुढची ओळ तपासली. टक, टक.

हातातील पेन्सिल मागच्या टोकाने टेबलावर आपटत होती. स्वल्पविरामाला एकदा, पूर्णविरामाला दोनदा. चौतीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली, निवृत्तीनंतर घरी तेच काम केले, आणि हा हात असे करतो हे मला ठाऊक नव्हते. छापखान्यात मला सुतारपक्षी म्हणत. मला वाटे, नाकावरून म्हणत असावेत.

ती मागच्या खोलीत वाचीत असे तेव्हा मी पुढच्या खोलीत मुद्रिते तपाशीत असे. रोज नऊ ते अकरा. तिच्या शेवटच्या पुस्तकातील दोष माझा आहे.

१५ मार्च, शनिवार

तरीही दाराचा उलगडा होत नाही. दार जाडजूड लाकडाचे, आणि ते मी लावीत असे. मात्र अकरा वाजता उठावे तो ते उघडे दिसे. ती म्हणे, “वाऱ्याने उघडलं असेल.” मी दोनदा सुतार बोलावून दोन्ही बाजूंनी फिरणारी ती कडी बदलून घेतली. दुसऱ्या वेळी सुतार म्हणाला, साहेब, ही कडी आता वादळालाही दाद देणार नाही. ती त्याला चहा देता देता हसत होती.

वाऱ्यानेच उघडत असणार. दुसरे काय?

मुलीला कळवलेले नाही. तिन्ही हेडफोनांखाली मात्र शुद्धिपत्र नोंदवले: ‘माझे दि. ११ चे मत चुकीचे आहे. दोष उपकरणाचा नसून माझा आहे. कंपनीची व इतर श्रोत्यांची क्षमा मागतो.’ त्या अनोळखी श्रोत्याने लगेच लिहिले — ‘काका, असं कोणी लिहितं का इथे?’ या वेळी हसरा चेहरा नव्हता.

१७ मार्च, सोमवार

ध्वनिग्रंथालयात जाऊन तंत्रज्ञ बाईंना सर्व सांगितले. टकटक कापता येईल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, येईल, पण तिच्या शब्दांचे तुकडेही बरोबर जातील. पडद्यावर दाखवले. तिच्या आवाजाच्या उंचवट्यात माझी रेघ घुसलेली. वाक्यागणिक!

तेथे एक वृद्ध श्रोत्या बसल्या होत्या. नवी पुस्तके प्रथम ऐकून त्या दोष सांगतात. जन्मांध आहेत, पूर्वी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या, सगळे त्यांना एक्सचेंजबाई म्हणतात. गळ्यात सर्वांत स्वस्त हेडफोन, एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेली. त्याविषयी त्यांचे मत विचारले. इतक्या मतांनंतर एक जाणकार मत तरी मिळावे!

“आवाज खणखणीत असून काय करायचंय?” त्या म्हणाल्या. “वाचणारा कंटाळलाय का, त्याला ताप आहे का, एवढं कळलं की झाला चांगला हेडफोन. याच्यात कळतं.”

मग त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली.

“ते टकटकवाले तुम्हीच का? अहो, अकरा वर्षं ओळखते मी तुम्हाला! आधीच्या पुस्तकांतसुद्धा आहात, जरा लांब. एक टक म्हणजे स्वल्पविराम, दोन म्हणजे पूर्णविराम, एवढं मी ताडलं होतं. पण बाई वाचायच्या त्याच्याशी मेलं कधी जुळायचं नाही.”

तंत्रज्ञ बाई तोंड फिरवून हसल्या. मीही हसलो असतो.

एक्सचेंजबाईंचे मत असे की टकटक ठेवावी; त्यांना तिची अडचण नाही, उलट सोबत वाटते. मी त्यांचे आभार मानले. परंतु दया ही तपासणी नव्हे. मजकुरात चूक आहे, हे ठाऊक असताना तो वाचकाच्या हाती देऊ नये, एवढेच मी आयुष्यभर केले आहे. चूक माझी निघाली म्हणून नियम बदलायचा काय?

१९ मार्च, बुधवार

समितीकडून संमतिपत्राचा नमुना आला. पुस्तकाचे नाव, त्याखाली ‘वाचन:’ आणि पुढे तिचे नाव. पुन्हा वाचून घेण्यास कुटुंबीयांची संमती असल्यास नाव खोडावे व सही करावी, अशी सूचना.

पट्टी घेऊन एक सरळ रेघ मारली. सही केली. सहीसुद्धा नेहमीसारखी वळणदार आली, याचाच राग आला.

पूर्वी एखादा शब्द चुकून खोडला गेला, तर त्याखाली टिंबे देऊन समासात ‘आहे तसे ठेवावे’ असे लिहीत असू. चौतीस वर्षांत फार थोड्या वेळा लिहावे लागले. मी चुकून खोडीत नसे.

संध्याकाळी मुलीला फोन करून सर्व सांगितले. ती म्हणाली, “आईला चालत होतं, बाबा.” चालवून घेणे आणि चालणे यांत फरक असतो, असे मी म्हणालो. तिने फोन ठेवला.

२० मार्च, गुरुवार

तंत्रज्ञ बाई दारात येऊन दुसरा पेनड्राइव्ह देऊन गेल्या. तिच्या मूळ फायली आहेत. वाचनाआधीची मिनिटे त्या नेहमी कापून टाकीत, त्यांसह. “नमुना उद्या दुपारी द्या,” म्हणाल्या. “त्याआधी हे ऐका. सुरुवातच ऐका फक्त.”

आज ऐकवत नाही.

२१ मार्च, शुक्रवार, सकाळ

ऐकले.

दार लागते. कडी बसते. माझी पावले दूर जातात. खुर्ची सरकते. मग कडी निघते, अगदी हलकेच, आणि दार उघडते. खुर्ची पुन्हा सरकते. ती वाचीत नाही. नुसता तिचा श्वास. थांबली आहे.

टक.

“प्रकरण पहिले,” ती म्हणते.

दहाही प्रकरणांची सुरुवात अशीच आहे.

नमुना काढला. तिच्या नावाखाली टिंबे दिली. समासात लिहिले — आहे तसे ठेवावे.