छापातले दोन वाडगे

प्रिय तोमासा,

सासूबाईंचा खोकला उतरला का? तुझे गुडघे? गाढवाचा खूर? मी मजेत आहे.

आमच्या छापखान्यातल्या इग्नासियोने लाकडावर मका वाटणारी मुलगी कोरली. ती थेट आपली एलोदिया. अंगणही आपलंच, फक्त छापलेल्या चित्रात उजवीकडचा निवडुंग डावीकडे. जसं दिसतं तसंच कोरलं, की कागदावर उलटं उमटतं. म्हणजे हा बाबा समोर बसून कोरत होता.

विचारलं तर म्हणतो, "तुमचं गाव मी पाहिलंच नाही, काका."

मग पोरीशेजारी पेजेचे दोन वाडगे कुणासाठी? लेकीला हळूच विचार, रागावू नकोस.

पितरांच्या सणाला तो माझ्याकडे रजा मागतोय, कुठे जाणार ते सांगत नाही. तुझं उत्तर येईस्तोवर रजा अडवून धरतो. लवकर लिही.

तुझा,
सेवेरिआनो