टेपमधली शाब्बासकी

वाडी, नागपूर
१० नोव्हेंबर १९८१

चि. प्रेमिलास,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रविंद्ररावांची बदली टळली हे वाचून बरं वाटलं. इकडे थंडी पडायला लागली आहे, अमरावतीलाही असेलच. चंपतरावांच्या दुकानात तू दोनदा फोन केलास आणि मी आले नाही, म्हणून तू फुगून बसली आहेस हे पत्राच्या लांबीवरूनच कळलं. कामात होते.

काम काय, ते सांगते. तिसरी आणि चौथी मला एकाच खोलीत शिकवावी लागते हे तुला माहीत आहे. एकीला शिकवायला घ्यावं तर दुसरी डोक्यावर मिरे वाटते. गोदामवाल्या मारोतरावांच्या ऑफिसात एक टेपरेकॉर्डर धूळ खात पडला होता, तो मी मागून आणला. घरी गणिताचा धडा टेप करते, वर्गात चौथीला लावून देते आणि आपण तिसरीजवळ जाऊन बसते. प्रश्न विचारला की उत्तरासाठी टेपवर थोडी जागा सोडते आणि मग ‘शाब्बास’ म्हणते.

पहिल्या दिवशी टेपमधून ‘सरळ बसा’ ऐकलं आणि चौथीबरोबर तिसरीसुद्धा सरळ बसली. आमचे मुख्याध्यापक गिरिधर सर दारातून पाहत होते. म्हणाले, “बाई, तुमचं तर भारीच काम होऊन राहिलं.” मग काय, मला चेवच आला. ट्रकांचा आवाज कमी झाला की रोज टेप करायला बसायची. चौथीचं वर्षभराचं गणित उरकायचं होतं.

एवढी घाई कशाला, असं तू विचारशील. येते त्याच्याकडे.

गेल्या शुक्रवारी अपूर्णांक लावले. टेपमधून मी विचारलं, अर्धी भाकर मोठी की पाव? सगळा वर्ग ओरडला, “पाव!” चार हे दोनपेक्षा मोठे, म्हणून. आणि लगेच माझाच आवाज म्हणाला, ‘शाब्बास.’ पोरं खूश. टेप आपला पुढच्या उदाहरणाकडे निघाला. एकटी मीरा उभी राहिली, ट्रक ड्रायव्हरची पोर आहे ती. म्हणाली, “बाई, पाव मोठी हाये तं माही माय अर्धी काहून मागते?”

मी तिसरीतून उठले, टेप बंद केला, सांगायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. नुसती हवा. शेवटी डब्यातली भाकर काढली आणि त्यांच्यासमोर मोडून दाखवली. तेव्हा त्यांना कळलं.

प्रेमिला, दिवाळीच्या आधीपासून आवाज असाच येतो-जातो आहे. घशात गाठ आहे. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. नंतर आवाज राहीलच असं नाही, हेही सांगितलं. टेप पुरे करायला मी त्यांच्याकडून महिनाभर मागून घेतला. ते रागावले, “बाई, जिवाशी खेळून राहिल्या तुम्ही.” खरंच होतं त्यांचं. फोनवर आले असते तर पहिल्या शब्दालाच तू ओळखलं असतंस, म्हणून आले नाही. शाळेत कुणाला दाखवत नाही, पण मला फार भीती वाटते गं.

ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. तू डी.एड. होऊन घरीच आहेस. गिरिधर सर माझ्या रजेत तुला घ्यायला तयार आहेत. धडे टेप सांगेल, पण कोण कुठे अडलं हे त्याला ऐकू येत नाही. ते तू ऐक. बरी झाले की मी परत वर्गात येणार आहे, आवाज असो नसो. खडू तर धरता येईल.

रविंद्ररावांना सांग आणि शनिवारीच निघ. रविवारी मला तुझ्याशी पोटभर बोलायचं आहे. त्या दिवशी तू मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. तुझं ऐकायला मला पुढे सगळं आयुष्य आहे.

तुझी
आई