एकेचाळीस जिवंत झाडांच्या मृत्यूवरील माझ्या सहीबाबत

प्रति,
मा. वन अधिकारी साहेब,
वन विभाग कार्यालय, पहिला मजला.

विषय : उन्हाकडील उतारावरील ४१ जिवंत झाडे मृत ठरवणाऱ्या पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही असल्याबाबत.

संदर्भ : १) सदर पंचनामा. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, उत्तर नाही. ३) आपण रोपवाटिकेच्या दारात दिलेला शब्द, जावक क्रमांक नाही.

महोदय,

सविनय सादर करते की, मी आपल्या विभागाच्या रोपवाटिकेत सत्तावीस वर्षे कामाला असून सध्या मुकादम आहे. प्रशिक्षणाचे पहिले पाच महिने आपण माझ्या हाताखाली होतात. पिशव्यांत माती भरताना आपल्या हाताला फोड आले होते आणि आपण मला मावशी म्हणत होतात. खुर्चीचा मान राखून पुढे साहेब असेच लिहिते.

१. गेली तीन वर्षे पाऊस नावापुरता पडला. विभागाने या उतारावर लावलेली सरळसोट, भराभर वाढणारी झाडे उभ्या उभ्या वाळली. ही ४१ जुनी, वेडीवाकडी झाडे मात्र तगली. पाणी संपायच्या आधीच ती सगळी पाने टाकून देतात आणि खराट्यासारखी गप्प उभी राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटते, मेली. साल नखाने जराशी खरवडली की आत हिरवे दिसते. हे आपणांस मीच शिकवले आहे, तेव्हा माहीत नव्हते असे कृपया म्हणू नये. मी बी याच झाडांखालचे वेचते आणि रोपांना आधी एक दिवसाआड, मग चार दिवसांआड पाणी देऊन तहानेची सवय लावते. "मावशी, तुम्ही रोपांच्या सावत्र आई आहात," असे आपण तेव्हा हसून म्हणाला होतात. लाडावलेली रोपे दुष्काळात गेली, माझी राहिली.

२. पानगळीच्या दिवसांत आपण रोपवाटिकेच्या दारात जीप उभी केलीत, इंजिन चालूच ठेवलेत आणि एक छापील कोरा नमुना पुढे केलात. "मावशी, तगलेल्या झाडांची नोंद करतोय. पंच म्हणून तुमच्याइतकं खात्रीचं माणूस नाही. सही करून ठेवा, मजकूर मी भरतो." मला केवढा हुरूप आला! सत्तावीस वर्षांत माझ्या झाडांबद्दल कोणी कधी विचारले नव्हते. मी सही केली. वर आपल्याला शोधायला त्रास नको म्हणून एकेका झाडाला स्वतःच्या हाताने चुन्याचा पट्टा ओढून दिला. त्या कोऱ्या जागेत आपण लिहिलेत : "सदर ४१ वृक्ष अवर्षणाने पूर्णतः मृत असून तोडण्यास हरकत नाही." तोडीचा ठेकेदार आता माझेच पट्टे बघत बघत फिरणार आहे.

३. हे कशासाठी, ते परवा कळले. विभागाचा नवा वन पुनरुज्जीवन आराखडा कार्यालयाच्या बाकावर वाचायला ठेवला आहे. पान चारवर लिहिले आहे की, दुष्काळात तगलेल्या मातृवृक्षांचे बी घ्यावे, रोपांना तहानेची सवय लावावी. ही माझीच वाक्ये आहेत. खाली नाव आपले आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पान नऊवर लिहिले आहे की, लागवडीची जागा संपूर्ण मोकळी असावी. मोकळी जागा मिळेना, म्हणून हाच उतार मोकळा करायचा ठरला. म्हणजे ज्यांचे बी पेरायचे, तीच झाडे पेरणीसाठी तोडायची! बी अजून कच्चे आहे, पिकायला दीड महिना लागेल. तोड सोमवारी आहे. मग पेरणार काय, आराखडा?

४. दरम्यान ४१ पैकी ४१ झाडांना पालवी फुटली. मी धावत कार्यालयात गेले. आवक-जावक लिपिक भला माणूस आहे, त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि सांगितले, "मावशी, मेलेलं झाड जिवंत करायचा रकानाच नाही हो नोंदवहीत. हरकत फक्त जिवंत झाडावर घेता येते." मी विचारले, मग पालवीचे काय? त्याने बराच विचार केला. म्हणाला, "नव्याने उगवलेली वनस्पती म्हणून दाखवू. पण मग ती अतिक्रमणात जाईल."

५. घरी यजमान म्हणाले, "भाजी घेताना एकेक वांगं चार वेळा उलटंपालटं करून बघतेस, आणि सही डोळे झाकून?" परक्याने फसवले असते तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण आपण माझा केसाने गळा कापलात, साहेब. माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, हे आपणांस ठाऊक होते, म्हणूनच माझी सही घेतलीत. दोन रात्री मला झोप नाही.

सबब, झाडे तोडू नयेत अशी विनंती मी आता करीत नाही. ती तीनदा करून झाली. माझी विनंती अशी की, जिवंत झाडे मृत असल्याची खोटी साक्ष दिल्याबद्दल माझ्यावर गुन्हा नोंदवावा. सही माझी आहे, हे मी येथे कबूल करते. नोकरी गेली तरी हरकत नाही. मात्र चौकशी पुरी होईपर्यंत पुराव्याला कोणालाही हात लावता येत नाही, असे त्याच लिपिकाने नियम दाखवून सांगितले आहे. माझ्या गुन्ह्याचा पुरावा म्हणजे ती ४१ झाडे. ती आहेत तशी, आहेत तिथे उभी ठेवावीत. चौकशी कार्यालयाच्या नेहमीच्या गतीने चालावी. माझ्यासाठी घाई करू नये.

कळावे,
आरोपी होण्यास तयार असलेली,
आपली नम्र,
(सही, या वेळी सगळे वाचून)
मुकादम, रोपवाटिका

दिनांक : शुक्रवार, सकाळी सव्वाअकरा

सोबत :
१) आराखड्याच्या पान ४ व ९ ची झेरॉक्स.
२) पालवी फुटलेली एक फांदी, ओल्या फडक्यात. फाइलला टाचू नये.

प्रत : मा. वरिष्ठ वन अधिकारी. ती काल दुपारीच हातोहात दिली असून पोच घेतली आहे.