फाटकापर्यंतची भेट

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्या भागातल्या केंद्राला शंभरात ब्याण्णव गुण मिळाले; आजच आमच्या साहेबांनी ते पक्के केले. मानसिक आजाराच्या रुग्णांना घरी जाऊन भेटायची योजना जशी आखली तशीच चालते का, हे तपासणं माझं काम. आपला धाकटा भाऊ त्या रुग्णांच्या यादीत, म्हणून मी स्वतः न येता सहकाऱ्याला पाठवलं. तीन महिन्यांत धाकट्याच्या नावावर चोवीस घरभेटी, प्रत्येकीखाली घरचा माणूस म्हणून तुझी सही. नववीत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच करायचास, म्हणून जरा शंका आली इतकंच. धाकटा आता खोलीबाहेर येतो का?

तुझी कायमची कटकट,
बेबी

९ जून

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

शंका बरोबर आहे. केंद्राची कार्यकर्ती येते, पण फाटकापर्यंत. स्कूटर चालूच ठेवून विचारते, बरा आहे ना. मी हो म्हणतो आणि कुंपणाच्या भिंतीवर कागद टेकवून सही करतो. तुमच्या योजनेत एकीला दहा घरं, हिच्याकडे साठ. तिला काय बोलणार? धाकटा मात्र स्कूटर ऐकली की केस विंचरतो. दारापर्यंत यायला त्याला पाच मिनिटं लागतात, तोवर ती पुढच्या गल्लीत. तुझ्या सहकाऱ्याने केंद्रावर बोलावून छापील प्रश्न विचारला, कार्यकर्ती घरी येते का. मी येते म्हटलं. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण तिचं येणं बंद पडू देऊ नकोस. तेवढ्यासाठी तरी तो उठतो.

तुझा,
दादा

१६ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तो प्रश्न मीच लिहिला होता. 'घरात येऊन बसते का' असं लिहायला हवं होतं. तुझं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले, मग साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, फेरतपासणी होईल. गुण साठाच्या खाली गेले तर केंद्र बंद. हा नियमही माझ्याच हातचा. तिच्या जोडीला आणखी पाच जणी द्या म्हटलं, तर ते पंख्याकडे बघत राहिले.

तू खोटं बोल असं मला लिहवत नाही. खरं बोल असंही नाही.

मंगळवारी अकराला तपासनीस घरी येईल, तोही स्कूटरवरच. धाकटा केस विंचरेल. त्याला म्हणावं, सावकाश ये. या वेळी स्कूटर बंद होईल आणि माणूस आत येऊन बसेल.

लोभ आहेच, मंगळवारनंतरही असू दे.

बेबी